व्यसनमुक्ती, मनःस्वास्थ्य आणि संगीत : एक अभ्यास

आपल्या विहारात दर रविवारी त्रिशरण-पंचशील होते. पाचवे शील लहान मुलांनाही मुखोद्गत आहे. मद्य व मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे हे शील म्हणायला दहा सेकंद लागतात. पाळायला मात्र काहींना उभा जन्म पुरत नाही. बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही हे रोज पाहतो. सकाळी बँक उघडताच पैसे काढण्याची स्लिप घेऊन येणाऱ्या काही खातेदारांची सही नमुना-सहीशी जुळत नाही. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही अशी स्लिप परत सरकवून "पुन्हा सही करा" असे कोरडेपणाने सांगत असू. पुढे कळले की रात्रीची दारू उतरल्यावर हात असाच कापतो, आणि तो थांबवण्यासाठी पुन्हा दारूच लागते. स्लिपवरचे ते पन्नास-शंभर रुपये त्यासाठीच असतात. अशा खातेदारांत आपल्या वस्तीतली माणसे थोडी नाहीत.

दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची स्वतंत्र प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्या समाजात हा प्रश्न का शिल्लक राहिला, यावर अनेकांनी लिहिले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान आहे. दारू सोडू पाहणाऱ्या, तसेच मनाच्या आजारातून उठू पाहणाऱ्या माणसाला गाण्या-वाजवण्याचा काही उपयोग होतो काय, झाला तर कसा आणि कुठवर, एवढेच येथे पाहावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर व बँकेतले कारकून आहोत. परंतु हा प्रश्न आमच्या घरातला आहे, म्हणून वाचनाबरोबर जे पाहिले तेही सांगणे आम्हास प्राप्त आहे.

आमचे थोरले मामा गिरणी कामगार होते. सोलापुरात भोंग्यावर घड्याळ लावण्याचे दिवस संपत आले होते. १९९० च्या दशकात त्यांची गिरणी बंद पडली. मामांच्या हातात दोन कला होत्या, एक साच्यावरची आणि दुसरी ढोलकीवरची. पहिलीचा उपयोग संपला तेव्हा दुसरी कामी आली. भीमगीतांच्या एका गायन पार्टीत ते वाजवू लागले. एप्रिलमध्ये तर महिनाभर घरी पाठ टेकत नसे. प्रश्न एवढाच होता, की कार्यक्रम ठरवणारी मंडळी बिदागीत निम्मे पैसे देत आणि निम्मी बाटली देत. बाटली आधी, पैसे नंतर. स्टेजवर पंचशीलाची महती सांगणारे गाणे चालू आणि स्टेजमागे ग्लास, हा प्रकार आम्ही बारा-तेरा वर्षांचे असताना डोळ्यांनी पाहिला आहे. संगीत व्यसनमुक्तीला मदत करते असे कोणी सरसकट म्हणू लागले की आम्हास प्रथम तो स्टेजमागचा ग्लास आठवतो. मामांना दारू संगीतानेच लावली असे म्हटले तरी फारसे खोटे होणार नाही.

मामांनी दोनदा सोडली. पहिल्या वेळी दवाखान्यातून आले तेव्हा घरच्यांनी चांगल्या हेतूने ढोलकी पुढ्यात ठेवली, मन रमेल म्हणून. आठव्या दिवशी पार्टीवाले बोलवायला आले आणि दहाव्या दिवशी मामा रस्त्यात पडलेले सापडले. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की दारूबरोबर ती संगतही सोडा. ढोलकी माळ्यावर गेली आणि दीड वर्ष तिथेच राहिली. त्या दीड वर्षातली संध्याकाळ आम्हास आठवते. सहा वाजले की मामांची घालमेल सुरू होई. उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. हाताला लागेल त्या डब्यावर बोटे चालत. मामींनी ते नेमके हेरले. त्यांनी आम्हाला हाताला धरून मामांसमोर बसवले आणि म्हणाल्या, "पोराला शिकवा की जरा. नुसतं डबं बडवून डोस्कं उठवताय माझं."

अशा रीतीने संध्याकाळी सहा ते आठ आमचे शिक्षण सुरू झाले. सुरुवातीस खरोखरच डालड्याचा रिकामा डबा होता. ढोलकी पुढे उतरली. दादऱ्याच्या सहा मात्रा, केरव्याच्या आठ. मामांचा हात कापत असल्याने ठेका मध्येच सुटे आणि आमचा तर मुळात बसतच नसे. दोघेही चुकत होतो, त्यामुळे कोणी कोणाला हसत नव्हते. "हात रिकामा राहिला की डोकं फिरतंय बघ," असे ते म्हणत. त्या दोन तासांत तलफेची वेळ टळून जाई. आठला जेवण आणि मग झोप. याला उपचार म्हणतात हे घरात कोणालाच माहीत नव्हते, मामींना तर मुळीच नव्हते. आम्ही चांगले वादक झालो नाही, हेही येथे नमूद करतो.

आता ग्रंथांकडे वळू. संगीताविषयी धम्माची भूमिका काय, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात, आणि काही ज्येष्ठ उपासकांना विहारात पेटी-ढोलकी आणणे रुचत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारा उपासक नृत्य, गीत, वादन यांपासून त्या दिवसापुरता दूर राहतो. विनयपिटकातील चुल्लवग्गात तर भिक्षूंनी धम्म लांब आळवीत गाण्यास तथागतांनी मनाई केल्याचे आले आहे. त्याची कारणेही दिली आहेत. गाणारा स्वतःच्या आवाजावर लुब्ध होतो, ऐकणारेही लुब्ध होतात, समाधी मोडते, पुढची पिढी तेच गिरवते, इत्यादी. परंतु त्याच ठिकाणी सरभञ्ञ, म्हणजे संयत स्वरात पठण करण्यास अनुज्ञा दिलेली आहे. विहारात आपण जी वंदना एका सुरात म्हणतो ती याच जातीची. यावरून आम्हास असे वाटते, की तथागतांचा रोख सुरावर नसून सुराच्या नशेवर होता. आणि व्यसनी माणसाच्या संदर्भात हा भेद फार मोलाचा आहे.

दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात याची दुसरी बाजू दिसते. राजगृहाजवळच्या इंदसाल गुहेत तथागत असताना पञ्चशिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन येतो आणि गातो. गाणे तसे प्रेमाचेच आहे; प्रेयसीच्या वर्णनात मध्येच बुद्धाचे व अर्हतांचे नाव गुंफलेले! तथागत त्याला रागावत नाहीत. वीणेचा सूर गळ्याशी आणि गळा वीणेशी कसा जुळला आहे याचे कौतुक करतात, आणि हे गीत कधी रचलेस अशी चौकशीही करतात. बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन शिकावयास घेतले होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

सोण स्थविराची कथा मात्र प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्राच्या भिंतीवर लिहावी अशी आहे. सोण हा चंपानगरीतील श्रीमंत घरातला, अतिशय सुकुमार मुलगा. प्रव्रज्या घेतल्यावर त्याने चंक्रमण करून करून पायांतून रक्त काढले, तरी मन स्थिर होईना. तेव्हा, हे सोडून घरी जावे, असा विचार त्याच्या मनात आला. तथागत त्याच्याकडे आले. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे, म्हणून त्यांनी त्याला वीणेविषयीच विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय? नाही. ढिल्या सोडल्या तर? तरीही नाही. मग प्रयत्नाचेही तसेच आहे, असे त्यांनी समजावले. दारू सोडणाऱ्याची पहिल्या महिन्यातली अवस्था सोणासारखीच असते. एकदम सगळेच सुधारायचे, कर्ज फेडायचे, पहाटे उठायचे, सगळ्यांची माफी मागायची. आणि एक गोष्ट चुकली की सगळेच सोडून गुत्त्याकडे. मामांनी सुत्त वाचले नव्हते. पण शिकवणी संपली की ते ढोलकी उतरवून ठेवीत. चढवलेलीच ठेवली तर पान फाटते, असे सांगत.

विज्ञान काय म्हणते तेही पाहू. २०११ साली कॅनडातील माँट्रियल येथील संशोधकांनी दाखवून दिले, की आवडते संगीत ऐकताना अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामिन हे द्रव्य स्रवते. दारू व इतर मादक पदार्थ मेंदूतील ज्या सुखाच्या यंत्रणेला हात घालतात तीच ही यंत्रणा होय. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याची ही यंत्रणा बोथट झालेली असते. जेवण, मुलाचे हसणे, पगार, कशानेच बरे वाटत नाही. दारू सुटल्यावर पहिले काही महिने जग बेचव लागते ते यामुळे, आणि घरच्यांना वाटते की याला आमची किंमत नाही. या बेचव काळात संगीत हा एक छोटा, निरुपद्रवी आनंद देऊ शकते. दुसरी गोष्ट श्वासाची. गाताना श्वास आपोआप लांबतो, बाहेर सोडण्याचा काळ वाढतो, आणि लांब उच्छ्वासाने हृदयाची धडधड शांत होण्यास मदत होते. तिसरी, दहा माणसांनी एका तालात एकच गोष्ट करणे. दारुड्याला वर्षानुवर्षे कोणी जवळ बसू दिलेले नसते. ताल धरण्यासाठी त्याला शेजाऱ्याचे ऐकावे लागते आणि शेजाऱ्याला त्याचे.

तथापि अतिशयोक्ती नको. वैद्यकीय प्रयोगांची काटेकोर छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ साली व्यसनाधीन रुग्णांवरील संगीतोपचाराच्या २१ प्रयोगांचा आढावा घेतला. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यास तलफ कमी होण्यास व उपचार घेण्याची इच्छा वाढण्यास मदत होते, असे त्यात आढळले. परंतु नैराश्य, चिंता किंवा व्यसनापासून दूर राहण्याचा निर्धार यांवर ठोस परिणाम दिसून आला नाही. याच संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात नैराश्याच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर संगीतोपचार दिल्यास निदान थोड्या मुदतीत अधिक बरे वाटते, असे दिसले. तेथे प्रयोग नऊच होते आणि रुग्ण ४२१. दोन्ही ठिकाणी "बरोबर" हा शब्द विद्यार्थ्यांनी अधोरेखित करावा. औषधाऐवजी पेटी, असे कोणीही म्हटलेले नाही.

याच संदर्भात एक धोक्याची सूचना येथेच देऊन ठेवतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येणे, भास होणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला शपथ घालून घरात कोंडणे किंवा भजनाला बसवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे, गाणे नंतर.

आपल्या महाराष्ट्रात दारू आणि गाणे यांचा सामना नवा नाही. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले आणि लहानगा डेबू मामाच्या घरी वाढला. पुढे बाबांचे कीर्तन दारू, कर्ज, देवापुढची पशुहत्या यांवर कोरडे ओढत राहिले. त्या कीर्तनाची रीत पाहण्यासारखी आहे. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, आणि मध्येच सगळ्यांना नामघोषात ओढून घेत. आज समुपदेशक ज्याला गटचर्चा म्हणतात त्याचेच हे गावरान रूप. आपल्या जिल्ह्यातील पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, हे आपण जाणतोच. १९३० च्या दशकापासून भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी गण-गौळणीचा जुना साचा बदलून त्यात शिक्षण, स्वाभिमान आणि दारूबंदी आणली. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हजारो गीते लिहून तीच परंपरा खेडोपाडी नेली. बार्शीच्या मातीतून आलेले शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) गिरणी कामगारांसमोर गात, तेव्हा कामगार दिवसभराचा शीण विसरून उभे राहत. हे सगळे समाज जागवण्यासाठी होते. एकेका रुग्णाला सावरण्यासाठी गाणे वापरण्याचा विचार पुढे आला.

त्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचे मुक्तांगण. ब्राऊन शुगरच्या विळख्याविषयी अनिल अवचटांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या आर्थिक साहाय्याने, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यास मुक्तांगण सुरू झाले. पुढे १९९७ साली अनिताताई गेल्या, २०२२ साली अनिल अवचटही गेले. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर आज ते काम पाहतात. तेथे औषधोपचार, समुपदेशन, गटसभा, योग यांच्या जोडीला संगीताला आणि इतर कलांनाही स्थान आहे. आम्हास विशेष वाटते ते असे, की पु. ल. पेटी वाजवीत आणि अवचट बासरी. अवचट लाकूड कोरीत, कागदाच्या घड्या घालून पक्षी करीत. कुठल्याही छंदात तज्ज्ञ होण्याचा त्यांचा आव नसे. व्यसनी माणसाच्या दिवसातून दारू काढली की मोठे भगदाड पडते. ते उपदेशाने भरत नाही. हाताला काहीतरी करावयास लागते. अवचटांचे 'मुक्तांगणची गोष्ट' हे पुस्तक आपल्या वाचनालयात नसेल तर जरूर आणावे.

आता थोडे आपल्याविषयी, आणि थोडे कटू. जयंतीच्या मिरवणुकीत छातीचे ठोके चुकवणारे डीजे लावून, पिऊन नाचणारी तरुण पोरे आपण दरवर्षी पाहतो. सोलापुरात सगळ्याच मिरवणुकांत हे चालते असे म्हणून आपली सुटका होत नाही, कारण पाचवे शील घेतलेले आपण आहोत. दारू सोडून तीन महिने झालेला माणूस त्या आवाजाच्या शेजारून जातो तेव्हा त्याच्या मेंदूत जुनी सगळी संगत जागी होते. गाणे भीमाचे असले तरी काही फरक पडत नाही; मामांचेही गाणे भीमाचेच होते. एका रात्रीच्या डीजेला जो पैसा जातो त्यात विहारासाठी एक चांगली पेटी, दोन ढोलक्या आणि वर्षभराचा चहा सहज होईल. आमच्या या म्हणण्याने काही कार्यकर्ते नाराज होतील, याची कल्पना आहे.

विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी असे बसावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे मांडली आहे. त्याविषयी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे थोडे सांगतो. वेळ सहा ते आठ हीच असावी, कारण तलफेची वेळ तीच. स्टेज, हार-तुरे, नंबर नकोत. स्पर्धा आली की हरणारा येतो आणि हरलेला कुठे जातो ते सांगावयास नको. गाणे कोणते म्हणायचे ते ज्याचे त्याला ठरवू द्यावे. मात्र एखादे गाणे त्याच्या पिण्याच्या दिवसांशी बांधलेले असू शकते. ते चांगले असो, भक्तीचे असो की क्रांतीचे, त्याने नको म्हटले तर कारण न विचारता वगळावे. गाता येत नाही म्हणणाऱ्याला टाळ द्यावी, तीही नको म्हणाला तर नुसते बसू द्यावे. जो घसरला त्याला पुढच्या वेळी येऊ नको असे म्हणू नये; फक्त पिऊन आत यायचे नाही, एवढा एकच नियम कडक पाळावा. आणि सुरुवात व शेवट वंदनेने करावा, म्हणजे श्वास स्थिरावतो.

मनाच्या आजाराबाबत अधिक जपावे लागते. ज्याला आवाज ऐकू येतात किंवा संशय येतो, त्याला मोठा आवाज व गर्दी सोसत नाही; त्याच्या घरच्यांना व डॉक्टरांना विचारूनच त्याला बोलवावे. नैराश्यात असलेला माणूस एकच दुःखी गाणे रात्रभर कानाला यंत्र लावून ऐकत असेल, तर ते त्याचे मन हलके करते आहे की अधिक खोल नेते आहे, याकडे घरच्यांचे लक्ष हवे. गाण्याने बरे वाटू लागले म्हणून गोळ्या बंद करणे हा तर आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा आहे. तो कोणी करू नये. मरणाची भाषा ऐकू आली तर वाट पाहत बसू नये. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. व्यसनासंबंधी मदतीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. दोन्ही निःशुल्क आहेत. विहाराच्या फलकावर हे आकडे खडूने नव्हे, रंगाने लिहावेत.

मामांचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. दीड वर्षानंतर ते रविवारच्या वंदनेला येऊ लागले, आणि त्यानंतर काही महिन्यांनी एका वर्षावासाच्या समारोपात त्यांनी ढोलकी वाजवली. बिदागी म्हणून त्यांना पांढरे उपरणे मिळाले. ते मामींनी अजून ट्रंकेत ठेवले आहे. मधे एकदा, मुलीच्या लग्नाच्या वेळी, ते पुन्हा घसरले होते, तेही लपवीत नाही. त्या वेळी मामींनी ढोलकी माळ्यावर नेली नाही, संध्याकाळी सहाला समोर आणून ठेवली. आज मामांनी सत्तरी ओलांडली आहे. हात कापतो, पण तो वयाने.

वरील संध्याकाळच्या बैठकीसाठी विहारातील जुन्या ढोलकीचे शाईचे पान बदलावे लागेल आणि पेटीच्या दोन पट्ट्या उठत नाहीत. ज्यांना या कामी वर्गणी द्यावयाची असेल किंवा स्वतः येऊन बसावयाचे असेल, त्यांनी रविवारी वंदनेनंतर आम्हास भेटावे. मामांनी शिकवायला येण्याचे कबूल केले आहे. माईक लावणार असाल तर मात्र येणार नाही, असे त्यांनी बजावले आहे.